बारा मीटर वायर

गोरक्ष,

नववी ब. खिडकीकडचा तिसरा बाक. दिवाळी झाली की तो रिकामा होणार होता. तुला किती मार्क पडायचे ते आज मला आठवत नाही, पण गेल्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला, तू माझ्या घरात कुठल्या फरशीवर उभा होतास ते मी डोळे मिटून दाखवीन. देवघराच्या उंबऱ्याबाहेरची, कोपरा उडालेली फरशी. तिथे मी तुला थांबवलं होतं.

हे पत्र तुला मिळणार नाही. मी ते पाठवणारच नाही, तेव्हा टपालखात्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तुझ्याशी समोरासमोर बोलायचं मी एक वर्ष टाळलं, आता कागदावर तरी तोंड वर करून किती वेळ बोलणार? म्हणून तुला एवढंच. पुढचं, ज्यांनी तुला पाहिलेलं नाही त्यांना सांगते. त्यांच्यापुढे मला जरा सोपं जाईल.

तर गोरक्ष हा आमच्या भागातला वायफाय जोडणारा माणूस. वय अडतिसाच्या आसपास, उंच, किंचित वाकलेला, मोटरसायकलवर मागे शिडी आडवी बांधलेली. आमचं गाव ओझरपासून फार लांब नाही. आळेफाट्यावर सुदर्शनशेठचं नेटचं ऑफिस आहे. त्याने आमच्याकडची तीन गावं आणि मधल्या वस्त्या गोरक्षकडे सोपवल्या होत्या. साठ-सत्तर घरं असतील. कुणाचं नेट गेलं की सुदर्शनशेठला कुणी फोन करत नसे. गोरक्षलाच करत.

त्याचे वडील यमाजी. मेंढरं दीडशेच्या वर. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, माळशेज उतरून कोकणात जायचा आणि जेठात परत यायचा. गोरक्ष नववीत असताना मी स्वतः त्यांच्या वस्तीवर गेले होते. पोराला मेंढरांमागे नेऊ नका, म्हणून यमाजीशी तासभर भांडले. यमाजी काठी टेकून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला की बाई, तुम्ही म्हणता तर ठेवतो. मग गोरक्ष साळुबाई आत्याकडे गावात राहिला आणि दहावी झाला. पुढे अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हॉस्टेलच्या वायरिंगचं काम निघालं, तिथे रोजाने भिंती खोदायला गेला आणि खोदता खोदता वायरींची अक्कल घेऊन आला. आधी केबल टीव्ही, मग वायफाय. मेंढरांतला आपला वाटा त्याने भावाला, जानकूला देऊन टाकला. मी हे सगळं पुष्कळांना पुष्कळदा सांगितलेलं आहे. माझ्यामुळे एक पोरगा मेंढरांमागून सुटला, हे मला सांगायला आवडायचं.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. घरात आला की तो डब्याकडे जायचा नाही. राउटरला आमच्याकडे सगळे डबाच म्हणतात. आधी विचारायचा, घरात काय नवं आलंय का? फ्रीज, पत्र्याचं कपाट, नवीन भिंत, पाहुणा, काहीही. मेंढरू वाडग्यात, म्हणजे त्याच्या कुंपणात, शिरेना झालं तर मेंढराला मारायचं नाही, वाडग्यात काय बदललंय ते बघायचं, हे त्याला बापाने शिकवलेलं. मग डब्यावरचे दिवे बघायचा. मग एकच फोन घ्यायचा. तो डब्याजवळ धरायचा आणि एकेक पाऊल मागे जायचा, रेंजच्या काड्या कुठे कमी होतात ते बघत. मग दुसरा फोन. दोन्हींवर नेट गेलं तर दोष डब्याचा, एकावर गेलं तर त्या फोनचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत हेच ओरडत होते, आणि ऐकलं ते ह्याने.

आणखी एक. चूक घरच्या माणसाची निघाली तर तो ती कधी सांगायचा नाही. सखूबाईच्या फोनवर विमानाची खूण दाबली गेली होती, आठ दिवस म्हातारी नातवाची वाट बघत बसली. सावळारामने फोनमधली तारीखच दोन वर्षं मागे नेऊन ठेवली होती, त्यामुळे काही उघडेना. आणि एका घरात तर उंदीर वायर खातील म्हणून डबा चक्क पिठाच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं होतं, वायरीपुरतं भोक पाडून. गोरक्षने झाकण काढलं, डबा फळीवर ठेवला आणि घरधन्याला म्हणाला, "लाईनच जरा तशी हाय." सगळीकडे तेच वाक्य. हे किस्से मला त्याच्याकडून कळले नाहीत, ज्यांचे झाले त्यांनीच नंतर हसत सांगितले.

आमच्याकडे वायफाय आलं ते बिबट्यामुळे. गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतर त्याने अंगणातून कुत्रं नेलं, तेव्हा पुण्याहून संपतने, माझ्या मुलाने, हट्टच धरला. गोठ्यावर दोन, दारात एक, मागे एक असे चार कॅमेरे बसले, ते गोरक्षनेच बसवले. वायर मागच्या भिंतीतून आत आली. मागे जुनी दगडी खोली आहे, तिथे आमचं देवघर. इन्व्हर्टरचा पॉइंट तिथेच होता आणि भिंतीत एक कोनाडा रिकामा होता. गोरक्ष तेव्हाच म्हणाला की डबा पुढच्या खोलीत बरा, भिंती दोन-दोन फुटांच्या आहेत. त्याला बारा मीटर वायर जास्त लागेल, ती तो आळ्याहून आणेल. मी म्हटलं, भिंतीवरून वायरी लोंबकळायला नकोत. कोनाड्यात ठेव. त्याने ठेवला. नेट चाललं, व्यवस्थित चाललं, त्यामुळे मी बरोबर ठरले.

मग नवरात्र आलं.

मी बी.एस्सी. झालेली बाई. देव मानते की नाही हे मला विचारू नका, मीही स्वतःला विचारत नाही. पण आमच्याकडे घट बसतात. सासूबाईंनी ते माझ्या हातात दिले आणि मी पंचावन्न वर्षं बसवते आहे. त्यांची सगळी रीत तशीच. परडीत ओली माती आणि धान्य, त्यावर पाण्याने भरलेला तांब्याचा मोठा घट, मागे पत्र्याचं मखर. मखर सासूबाईंनी आळ्याच्या लोहाराकडून करून घेतलेलं, त्यावर दोन मोर रंगवलेले. मखराची जागा ठरलेली, कोनाड्याच्या बरोबर पुढे. नऊ दिवस घट हलवायचा नाही, आणि त्या खोलीत घरचं माणूस सोडून कुणी पाय ठेवायचा नाही, घरच्यानेही आंघोळ केल्याशिवाय नाही.

त्याच नऊ दिवसांत मी एक उद्योग अंगावर घेतला होता. आमचा निवृत्त शिक्षिकांचा एक ग्रुप आहे. नऊ माळांना नऊ व्याख्यानं, फोनवरून, रोज संध्याकाळी साडेपाचला. वक्त्या मीच. विषय होता 'घरातलं विज्ञान'. हसायचं असेल तर हसा.

पहिल्या माळेला माझं तोंड उघडं असतानाच चित्र गोठलं. तसाच फोटो काढून एकीने ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, बाई आ करून कशाची वाट बघतायत? दुसऱ्या माळेला चार मिनिटं चाललं. मोबाइलची रेंज आमच्याकडे फक्त विहिरीपाशी येते, तिथे मोटारीच्या आवाजात व्याख्यान कोण देणार. मी फोन बंद करून चालू केला, वायफाय विसरायला लावून पुन्हा पासवर्ड घातला, डब्याचं बटण बंद केलं, मोजून साठ आकडे म्हटले, पुन्हा चालू केलं. त्यासाठी मखराच्या बाजूने हात घालावा लागला, तो मी अगदी सोवळ्यात घातला. काही फरक नाही. मी चिडले. मला बिघाडाचा राग येत नाही, हसण्याचा येतो.

तिसऱ्या माळेला सकाळी गोरक्ष आला. अनवाणी होता. त्याच्याही घरी घट बसतात आणि तो नऊ दिवस पायात घालत नाही. मागच्या खोलीकडे वळला तसं मी त्याला सांगितलं की आत जायचं नाही, घट बसलेत. तो जागीच थांबला, त्या फरशीवर.

मग त्याने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई, घरात काय नवं आलंय का, दोन-चार दिसांत?"

मी म्हटलं, "काही नाही."

खोटं बोलले नाही. घट नवे कुठे होते? दर वर्षी बसतात, पंचावन्न वर्षं बसतायत. नवा होता तो डबा. डब्याने घट पाहिले नव्हते आणि घटाने त्याला. हे आज सुचतं.

त्याने मला फोन घेऊन देवघरात जायला सांगितलं. मी गेले, घटापुढे उभी राहिले, काड्या बऱ्यापैकी होत्या, पण घटापुढे बसून काही व्याख्यान देता येत नाही. बाहेरच्या खोलीत आले, एकच काडी, तीही जायची यायची. मी त्याला म्हटलं की याचा अर्थ डबा चांगला आहे, कुणीतरी बाहेरच्या बाहेर नेट खातंय. उंबऱ्यावरून त्याने आत एकदा पाहिलं, घटाला हात जोडले आणि मान खाली घातली. मग त्या खोलीच्या दारापासून पुढच्या खोलीपर्यंत भिंतीला लागून दोन्ही हात फैलावत चालत आला. मोजत होता.

"बाई, दसऱ्यापतूर थांबा. दसरा झाला का म्या बारा मीटर वायर आणतो आन् डबा ह्या खोलीत घेतो."

मी विचारलं, दसऱ्यापर्यंत का? बिघाड काय आहे ते आज का सांगता येत नाही? तो म्हणाला, बिघाड न्हाई. मग काय आहे, असं मी चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, "लाईनच जरा तशी हाय."

हे वाक्य मला माहीत होतं. काहीतरी झाकायचं असलं की तो हे म्हणतो, एवढं माहीत होतं. कुणाचं झाकतो ते विसरले.

त्या दिवशी दुपारी मी फोनमध्ये शोधाशोध केली. आपल्या वायफायवर कोण कोण आहे त्याची यादी दिसते, हे मला एका मैत्रिणीने सांगितलं होतं. यादीत आठ नावं होती. नावं म्हणजे कसली, अक्षरं आणि आकडे. माझा फोन एक. मग बाकीचे सात कोण? पासवर्ड कुणाला माहीत? मला आणि गोरक्षला. झालं, माझं प्रमेय सिद्ध झालं. दोन दिवस मी ते मनात घोळवलं, तिसरं, चौथं आणि पाचवं व्याख्यानही बुडालं, आणि पाचव्या माळेला संध्याकाळी विहिरीपाशी जाऊन गावच्या ग्रुपवर लिहिलं. शुद्धलेखन तपासून लिहिलं. शब्द असे होते:

'आपल्या गावात वायफाय जोडणारे गोरक्ष यमाजी हे ग्राहकांचे पासवर्ड आपल्या वस्तीवर वाटत आहेत. माझ्याकडे पुरावा आहे. सर्वांनी सावध राहावे.'

ह्यातला 'वस्तीवर' हा शब्द मी आधी खोडला होता आणि पुन्हा घातला होता. नुसतं 'पासवर्ड वाटत आहेत' म्हटलं तरी चाललं असतं. पण वस्तीवर म्हटलं की लोकांना चित्र दिसतं. त्या माणसाच्या बापाशी मी त्याच वस्तीवर तासभर भांडले होते, त्यांच्या घोंगडीवर बसून त्यांचा चहा पिऊन. त्यांच्यातला तू नाहीस, तू आमच्यातला हो, असंच मी तेव्हा सांगत होते की काय? आणि पहिल्या संशयाला त्याला पुन्हा तिकडे ढकलला. ग्रुपवर दोनशे चाळीस माणसं आहेत. निम्म्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकाने लिहिलं, बाई म्हणतात म्हणजे खरंच असणार.

सातव्या माळेला गोरक्ष आला. पायऱ्या चढला नाही. अंगणात, मोटरसायकलला टेकून उभा राहिला. शिडी आणली नव्हती. त्याने सांगितलं की चौदा घरांनी सुदर्शनशेठला कळवलंय, हा माणूस आमच्या घरात नको. शेठने दुसरा माणूस बघितलाय. मला वाटलं तो आरडाओरडा करेल, म्हणजे मलाही करता येईल. त्याने आवाज चढवला नाही.

"बाई, तुमी लिवलं, म्हंजी लोकं वाचून सोडून न्हाई देणार. निम्म्या गावाला तुमीच वाचाय शिकवलंय."

मी म्हटलं, मग ते सात कोण आहेत ते सांग.

"फोन द्या. म्या बसून एकेक दाखवतो."

मी फोन दिला नाही. म्हटलं, "मला मोजता येतं."

तो गेला. मोटरसायकल अंगणात चालू न करता ढकलत फाटकापर्यंत नेली. आजही मला कळत नाही, तो माझा मान होता की त्याला तिथे आणखी आवाज नको होता.

दसऱ्याला घट उठवले. धान चांगलं वीतभर वाढलं होतं. पाणी तुळशीला घातलं, परडी ओट्यावर ठेवली आणि मखर भिंतीला लावायला उचललं. फोन बाहेरच्या खोलीत होता. मखर उचललं आणि तो वाजायला लागला. थांबेचना. टिंग टिंग टिंग, दोन-चार दिवसांचं साचलेलं सगळं एकदम. मी मखर हातात धरून तशीच उभी. दोन्ही मोर माझ्याकडे बघत होते.

मग मी जे केलं ते सांगते, म्हणजे माझ्या शिक्षणावर तरी कुणी शंका घ्यायला नको. मखर पुन्हा कोनाड्यापुढे ठेवलं, घटात पाणी भरून घट पुढे मांडला, बाहेरच्या खोलीत गेले. एक काडी. परत आले, दोन्ही काढलं, बाहेर गेले. चार काड्या. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. पत्रा, पाणी आणि दोन फुटांचा दगड. आठवीच्या पोराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मग जमिनीवर बसून यादी काढली. माझा फोन, कपाटात पडलेला माझा जुना फोन, टीव्ही, संपतने आणलेली टॅब आणि चार कॅमेरे. आठ. मला मोजता येतं.

वाजलेल्या निरोपांत मला शाबासकी देणारे सहा होते.

त्याच क्षणी ग्रुपवर लिहायला हवं होतं. लिहिलंही. 'माझी तक्रार चुकीची होती' एवढं टाइप केलं आणि मग कारण काय लिहायचं यावर अडले. घट आड आला, असं लिहू? 'घरातलं विज्ञान' सांगणाऱ्या बाईने? पुसलं. 'तांत्रिक अडचण दूर झाली आहे' असं लिहिलं. ते वाचून माझंच मला इतकं वाईट वाटलं की तेही पुसलं. म्हटलं, उद्या नीट लिहू. दुसऱ्या दिवशी काय केलं? ते सांगायलाच एवढा वेळ लावते आहे. सुदर्शनशेठला फोन केला आणि म्हटलं की झालं गेलं विसरा, गोरक्ष माझा विद्यार्थी आहे, मी त्याला माफ केलंय, त्याचं काम त्याला परत द्या.

माफ केलंय. माझ्या तोंडून हे शब्द गेले, सहज गेले. फोन ठेवल्यावर चहा केला. बरं वाटत होतं.

दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आशा आली. आशा म्हणजे गोरक्षची बायको. बस म्हटलं, बसली नाही. लाडू दिले, ते हातात धरून उभी राहिली. मी विचारलं, गेला ना कामावर? ती म्हणाली, शेठचा फोन आला होता, उद्यापसून ये, बाईंनी तुला माफ केलंय. गोरक्षने ऐकून घेतलं आणि शेठला सांगितलं की माफ केल्यालं काम मला नको. भाऊबिजेच्या आधीच जानकूबरोबर वाडा घेऊन निघाला. आज माळशेज उतरले असतील. मोटरसायकल विकायला काढली आहे.

आणि मग तिने विचारलं, अगदी साधं, कुणी पत्ता विचारावा तसं.

"बाई, तुमी माफ कशाचं केलं वो?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. म्हणाली की जाताना ह्यांनी एक निरोप ठेवलाय. बाईंना सांग, पुढल्या घटाच्या आत डबा बाहेरच्या खोलीत घ्या, बारा मीटर वायर लागती. मंग घटाला हात लावायची गरज न्हाई पडायची.

म्हणजे त्याला तिसऱ्या माळेलाच कळलं होतं. उंबऱ्यावरून एकदा पाहिलं तेवढ्यात. मी आशाला विचारलं, मग बोलला का नाही? नुसतं मखर जरा सरकवा म्हणाला असता.

"घट बसल्यावर हलवा म्हणून कोण म्हणंल, बाई? आमच्याबी घरात बसत्यात."

त्या क्षणी मी खरं बोलू शकले असते, तिथे अंगणात, एका बाईला. मी म्हटलं ते एवढंच, की वायर मी दुकानातून घेणार नाही. त्यालाच आणू दे, जेठात परत आल्यावर. तोवर मी ग्रुपवर सगळं लिहिते. आशा "बरं" म्हणाली. लाडू पायरीवर ठेवले आणि गेली. मुद्दाम ठेवले की विसरली, ते मी ठरवलेलं नाही.

त्यानंतर दहा महिने झाले. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. नवीन माणूस येतो, डब्यावरचे दिवे बघतो, बटण बंद-चालू करतो आणि जातो. सखूबाईचं नेट गेलं तर तो तिला सगळ्यांसमोर म्हणतो, आजी, तुम्हीच काहीतरी दाबलंय.

जेठात वाडे परत आले. एकदा मी ओझरच्या गणपतीला गेले होते, येताना जीप पुलापाशी अडली. पुढे मेंढरं होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, थोडा वाकलेला एक माणूस ती कडेला घेत होता. त्याने जीपला वाट करून दिली. मला पाहिलं. मान किंचित लववली, वर्गात उशिरा आलेलं पोर लववतं तशी. मी काच खाली केली नाही. हात काचेच्या बटणावर होता.

आता हे सगळं मी इथे लिहिते आहे आणि ग्रुपवर लिहीत नाही, याचं कारणही सांगून टाकते. हे आमच्या गावात कुणी वाचणार नाही. ग्रुपवरच्या त्या चार ओळी सगळे वाचतील.

दहा दिवसांनी घट बसतील. मखर काल माळ्यावरून काढून पुसून ठेवलं. डबा कोनाड्यातच आहे.

आणि गोरक्ष, भिंत मी परवा मोजली. शिवणाच्या टेपने, तीनदा. बारा मीटरच भरते. तू नुसते हात फैलावून चालला होतास. वायर यायची आहे.